नळीवरचं टोपडं

स्कूटरच्या कुलपात किल्ली जाईना. दिगंबरने ती उलटी करून पाहिली, सुलटी करून पाहिली, पँटला पुसून पुन्हा घातली. नखभरही आत सरकली नाही. मग त्याने कपाळावरचा चष्मा खाली ओढला, वाकला, आणि त्याला दिसलं की किल्लीच्या भोकात माती आहे. बारीक, गुळगुळीत, बोटाने लिंपल्यासारखी. आठ दिवस स्कूटर अंगणात उभी होती; आठ दिवसांत कुंभारीण माशीने आपलं काम उरकून घेतलं होतं. एवढी मोठी लालबाग वस्ती, एवढ्या भिंती, एवढी झाडं, आणि त्या बोटभर माशीला घर करायला नेमकं हेच भोक सापडावं! त्याला एकदम इतका राग आला की किल्ली त्याने मुठीत दाबून धरली. पण उठला नाही. कमरेत कळ आली तरी तो त्या मातीकडे बघत वाकूनच राहिला.

ओट्यावरून कुसुमने विचारलं, "काय झालं?"

"काही नाही. कुंभारीण."

"हात नका लावू हां तिला! वंदीला सातवा चालू आहे." कुसुम पदर खोचत पायरी उतरूनच आली. "तार घालून कोरत बसाल, तुमचा काय भरोसा."

कुंभारणीने घर धरलं की त्या घरात पाळणा हलतो, म्हणून तिचं घर मोडायचं नसतं. हे कुसुमच्या माहेरी शनवाऱ्यात तसंच, इथे तसंच, आणि निंबोल्याच्या शेतांतही तसंच. दिगंबर एरवी यावर हसायचा. लेक वंदना बाळंतपणाला आली तेव्हा देवघराच्या कोनाड्यातल्या अशाच मातीच्या गोळ्यावरून त्याने बायकोची भरपूर थट्टा केली होती. आज हसू आलं नाही. आज त्याला वाटलं, हे वाक्य आपण नुकतंच आणखी कुठेतरी ऐकलंय, दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडून. पण ते आठवायला तो थांबला नाही. अकरा वाजता चौकशीपुढे जबाब होता आणि नऊ वाजून गेले होते.

निंबोल्याच्या पलीकडे, केळीच्या बागांच्या मधोमध, एक धावपट्टी आहे. एक हँगर, एक बसकं ऑफिस, आणि मागच्या गुरुवारपर्यंत चार लहान विमानं. वैमानिक व्हायला आलेली मुलं तिथे शिकतात. गावातले लोक त्या सगळ्याला नुसतं पट्टी म्हणतात. हवाई दलातून सार्जंट म्हणून निवृत्त झाल्यावर दिगंबर पट्टीवर गुणवत्ता खात्याचा प्रमुख म्हणून लागला, त्याला अकरा वर्षं झाली. खातं म्हणजे तो, एक टेबल, एक लोखंडी कपाट आणि रजिस्टरं. त्याचं काम एका प्रश्नाचं होतं. ठरवून दिलंय तसंच झालं का? प्रत्येक स्क्रूला नंबर, प्रत्येक नंबराला कागद, प्रत्येक कागदावर सही. अकरा वर्षांत त्याच्या सहीच्या कागदावर बाहेरून आलेल्या एकाही तपासनिसाने लाल पेन चालवलं नव्हतं. हे तो पाहुण्यांना सांगायचा, आणि पाहुणे चहा पीत मान डोलवायचे. मग नवा नियम आला की प्रत्येक संस्थेत सुरक्षेचं वेगळं खातं पाहिजे, आणि दोन हजार अकरा साली शनवाऱ्याची रजनी आली. वय तीस, इंदूरला शिकलेली, बोलताना अर्धं हिंदी. तिने आल्याआल्या चहाच्या टेबलापाशी एक पिवळी पेटी टांगली. कुणालाही काही धोक्याचं वाटलं तर चिठ्ठी लिहून टाका, नाव नाही लिहिलं तरी चालेल. पहिल्या महिन्यात पेटीतून गुटख्याच्या दोन पुड्या आणि चहात साखर कमी असल्याची एक तक्रार निघाली. दिगंबरने ती तक्रार सगळ्यांना वाचून दाखवली. रजनीही हसली, पण पेटी तिने काढली नाही. तिचा प्रश्न वेगळा होता. काय बिघडू शकतं? दिगंबरला तो प्रश्न भविष्य सांगणाऱ्याचा वाटायचा. जे अजून झालंच नाही त्याचा कागद कसा करायचा?

आणि वरून आलं एकत्रीकरण. मुख्य कार्यालयाचं पत्र आलं की गुणवत्ता आणि सुरक्षा ही दोन खाती एकमेकांना पूरक आहेत, सबब ती टप्प्याटप्प्याने एक करावीत. पूरक! दोन वर्षं ते एकत्रीकरण चाललं होतं. पहिल्या टप्प्यात दोन टेबलं एका खोलीत आली. दुसऱ्यात दोन कपाटं शेजारी शेजारी लागली. तिसऱ्यात दोघांच्या रजिस्टरांना एकाच रंगाची कव्हरं घातली गेली, त्याचा फोटोही मुख्य कार्यालयाला गेला. चौथा टप्पा येत्या एक तारखेला होता. खातं एक, प्रमुख एक. म्हणजे खुर्ची एक. चौथ्या टप्प्याचं पत्र आल्या दिवसापासून त्या खोलीत बोलणंच बंद झालं. दिगंबरला निवृत्तीला चार वर्षं उरली होती, आणि या वयात तिशीतल्या मुलीच्या हाताखाली बसायचं, हे त्याला सहन होईना. त्याने आपल्या कपाटाला नवं कुलूप लावलं. गुणवत्तेच्या नोंदी गोपनीय असतात, असं एका सभेत त्याने मोठ्या आवाजात सांगितलं. तसा नियम कुठेच नव्हता, आणि ते त्यालाही माहीत होतं.

फाटकाशी मोटारसायकल थांबली. चुडामण होता, पट्टीवरचा मेकॅनिक, निंबोल्याचाच. घरची केळीची बाग सांभाळून पंधरा वर्षं विमानं सांभाळणारा. आठ दिवसांत गालफडं बसली होती. "साहेब, मले वाटलंच का तुमची गाडी सुरू नाही होनार. आठ दिवस उभी. बसा मांगं."

दिगंबर मागे बसला. शर्टाच्या खिशातला कागद कुरकुरला. तो त्याने हाताने दाबून धरला.

चुडामण गाडी चालवताना मागे न बघता बोलत होता आणि वाऱ्याने त्याचं अर्धंच ऐकू येत होतं. "मले पत्र भेटलं काल... उड्डानाच्या पह्यले नळी नीट पाह्यली नाही म्हने. पाह्यली हो साहेब, बॅटरी लावून पाह्यली. तोंड एकदम साफ होतं. माती दोन पेरं आत, मंग ते दिसते का?" बाजूने केळीची गर्द हिरवी पानं मागे सरत होती, घडांवर निळ्या पिशव्या चढवलेल्या. "मी तुमाले काही म्हनत नाही. तुम्ही नियमानं केलं. फक्त इतलंच लिहा, का ते टोपडे काढाले कोनं सांगलं."

कोणी सांगितलं, ते दोघांनाही माहीत होतं. विमानाच्या पंखाखाली बोटाएवढी एक नळी असते. समोरचा वारा तीत शिरतो आणि वैमानिकापुढचा काटा वेग दाखवतो. नळी बुजली की काटा आंधळा. म्हणून विमान उभं असताना नळीवर लाल फितीची टोपी चढवून ठेवायची असते. पट्टीवरच्या टोप्या उन्हाने विरून फाटल्या, त्याला सहा महिने झाले. नव्या टोप्यांचं मागणीपत्र दिगंबरने तीनदा पाठवलं, आणि तिन्ही वेळा पोच आली, टोप्या आल्या नाहीत. शेवटी चुडामणने आपल्या बागेतल्या घडांच्या निळ्या पिशव्या आणल्या, दुहेरी कापल्या, आतून जुनं रेक्झिन लावलं, बायकोच्या जुन्या लुगड्याची लाल पट्टी लोंबती सोडली आणि चार टोप्या शिवल्या. त्यांना तो टोपडी म्हणायचा. लहान मुलाच्या डोक्याला बसावं तशी ती नळीला बसायची. तीन आठवड्यांपूर्वी अंतर्गत तपासणीत दिगंबरच्या नजरेस ती पडली. मंजुरी नाही, नंबर नाही, नोंद नाही. त्याने त्रुटी लिहिली, टोपडी तिथल्या तिथे काढायला लावली, प्रत्येकीला 'पुरावा' अशी चिठ्ठी बांधली आणि आपल्या टेबलामागच्या खिळ्यावर चारही टांगली. संध्याकाळच्या आत त्रुटी दूर झाल्याची नोंद केली. एका दिवसात! त्या दिवशी तो घरी शीळ घालत आला होता.

मग नळ्या उघड्या राहिल्या. प्रशिक्षक रजेवर गेला म्हणून एक विमान रविवारपासून चार दिवस जागेवरून हललं नाही. गुरुवारी सकाळी खंडव्याची शारदा, एकोणीस वर्षांची, ते घेऊन एकटी उडाली. काटा उठला नाही हे कळेपर्यंत चाकं जमिनीवरून सुटली होती. वर एक फेरी मारून ती उतरायला आली ती फार वेगात आली, पट्टी संपली तरी विमान थांबलं नाही, आणि तारेचं कुंपण तोडून ते केळीत घुसलं. केळीचे बुंधे मऊ, म्हणून जीव वाचला. डावा डोळा वाचेल की नाही, हे डॉक्टर अजून सांगत नव्हते. दिगंबर तिला बघायला दवाखान्यात गेला तेव्हा ती त्यालाच म्हणाली, "सर, सॉरी. काँटा हिल नहीं रहा था, पण मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय. कागदावर तुमची सही होती ना."

हे वाक्य आठ दिवस त्याच्या अंगात रुतून बसलं होतं. जेवताना घास तोंडापर्यंत जायचा आणि ते वाक्य यायचं. तो वैतागायचा, स्वतःशीच भांडायचा. मी काय चुकीचं केलं? बिननंबरी वस्तू विमानाला बांधू द्यायची? उद्या ती पिशवी उडून इंजिनात गेली असती तर? मागणी तीनदा केली, तिन्ही पोचा हाताशी आहेत. सगळं खरं होतं. जबाबात जे जे लिहायचं ठरवलं होतं त्यातला शब्द न् शब्द खरा होता, आणि याचीच त्याला चीड येत होती. सगळं खरं असून घास का उतरू नये?

खिशातला कागद रजनीचा होता. अपघाताच्या आधीच्या सोमवारी दुपारी ती त्याच्या टेबलापाशी आली होती. "सर, फक्त टोप्यांचं पान बघायचं होतं."

"लेखी दे."

"सर, मी तीन फुटांवर तर बसते."

"मग लेखी द्यायला तीनच फूट चालावं लागेल."

तिने लिहिलं, आणून ठेवलं. त्याने न वाचता ते ट्रेमध्ये सर्वांत खाली सरकवलं. गुरुवारी संध्याकाळी वाचलं. 'नळ्यांवर सध्या दुसऱ्या टोप्या आहेत का? हँगरमध्ये कुंभारीण फिरत असल्याची तोंडी तक्रार आहे. कृपया आजच कळवावे.' आजच. तिच्या कपाटात माशीचा कागद होता, त्याच्या कपाटात टोप्यांचा. दोन कपाटांच्या मध्ये हात जाईल एवढीसुद्धा फट नव्हती. त्याने ती चिठ्ठी घडी करून खिशात घातली, आणि आठ दिवस शर्ट बदलला की चिठ्ठी नव्या शर्टात जायची. फाडली नाही. दाखवलीही नाही.

पट्टीवर चौकशीचे साहेब कोपऱ्यातल्या खोलीत बसले होते. बाहेरच्या बाकावर रजनी, तिचा जबाब देऊन झालेला. दिगंबर तिच्या शेजारी पण जरा अंतर सोडून बसला. समोर बघतच त्याने विचारलं, "चिठ्ठीचं सांगितलंस?"

"नाही."

"का?"

"तुमच्या ट्रेमध्ये होती सर. तुम्हीच सांगा." मग तिचा आवाज एकदम चढला. "आणि मी तरी काय केलं? लेखी दिलं आणि सुटले. वीस पावलं चालून हँगरमध्ये जाऊन बघता आलं नसतं? मलाही तुमचा राग आला होता. बस, राग आला होता." तिने रुमालाने नाक पुसलं.

व्हरांड्याच्या टोकाकडून झाडूचा आवाज येत होता. मथुराबाई, ऑफिस आणि हँगर झाडणारी. सर्र, सर्र, एका लयीत. दिगंबर तो आवाज ऐकत होता, ऐकत नव्हता. बाकाजवळ आल्यावर मथुराबाई पाय वर घेतील म्हणून थांबली, आणि आवाज थांबला. दिगंबरने झाडूकडे पाहिलं. हाच आवाज असाच थांबला होता. फिनेलचा वास होता. तो मान खाली घालून रजिस्टरात रेघा मारत होता, आणि दाराशी झाडू थांबला होता. आठ दिवस तो सोमवारची दुपार आठवत होता, रजनी, तीन फूट, ट्रे. दुपारच आठवत होता. त्या सोमवारला सकाळही होती.

"साहेब, कुंभारीन त्या विमानाच्या नळीत जाऊ राह्यली. सकायधरनं पाहू राह्यली मी. माती आनते न् आत जाते."

"हं."

"मी काही मोडलं नाही, सुनेचे दिवस हायेत माह्या. पन तुमाले सांगाव म्हटलं."

"हे आपल्या खात्याचं नाही. रजनीबाईंच्या पेटीत चिठ्ठी टाका."

"मले कुठं लिव्हता येते?"

"मग त्यांना तोंडी सांगा."

ती गेली नव्हती. तिची नजर त्याच्या डोक्यावरून मागे, खिळ्याकडे गेली होती. "आन ते टोपडे इथं काहाले टांगले? त्या नळीचेच हायेत ना ते? घालून द्या ना मंग."

आणि त्याने, मान वर न करता, रेघ वाकडी होऊ न देता सांगितलं होतं, "ते चालत नाही. त्यांना नंबर नाही."

आता ती समोर उभी होती, हातात झाडू, त्याचे पाय उचलले जायची वाट बघत. लिहिता न येणाऱ्या त्या बाईने नळी पाहिली होती, टोपडं पाहिलं होतं आणि एका वाक्यात दोन्ही एकत्र केली होती. दोन वर्षं, चार टप्पे, एका रंगाची कव्हरं! दिगंबरला हसू येईल असं वाटलं, पण आलं नाही. त्याने पाय वर घेतले. ती खालून झाडू फिरवून पुढे गेली.

"मथुराबाई," त्याने हाक मारली. "तुम्ही आधी मला सांगितलं होतं."

ती वळली, त्याच्याकडून रजनीकडे, रजनीकडून बंद दाराकडे बघितलं. "माहं नाव नका घेऊ साहेब. मोडलं नाही म्हनून मलेच काढतीन."

"रजनीबाईंना का नाही सांगितलं, की माझ्याकडे येऊन गेलात म्हणून?"

"तुमचं दोघाइचं बोलनं नाही ना," ती म्हणाली. "मले काय करना मंग भांडन लावून."

रजनीने तोंड फिरवलं. आतून नावाचा पुकारा झाला.

साहेब सभ्य होते, थकलेले होते. त्यांनी पांढरा फॉर्म पुढे केला. गुणवत्तेचा जबाब पांढऱ्यावर, सुरक्षेचा पिवळ्यावर. दिगंबरने फॉर्म वाचला. मंजुरी, क्रमांक, नोंद, त्रुटी, त्रुटी दूर केल्याचा दिनांक. सगळे रकाने त्याला पाठ होते आणि सगळ्यांत तो निर्दोष होता. जे लिहायचं होतं त्याला रकाना नव्हता.

"सर, एकच कागद द्या. दोन्ही खात्यांचं एकत्र लिहितो."

"नहीं, दोनों का बयान अलग-अलग चाहिए. मिक्स मत कीजिए." साहेबांनी चष्मा पुसला. "आपके पेपर तो सब क्लिअर हैं. क्यों बात बढ़ाते हैं?"

"पेपर क्लिअर आहेत, त्याचंच लिहायचं आहे," दिगंबर म्हणाला. त्याने फॉर्म पालथा घातला आणि कोऱ्या बाजूवर लिहायला लागला. टोप्या काढायला चुडामणला मी सांगितलं. त्या काढल्यावर नळी कशाने झाकायची, हे मी सांगितलं नाही, मला कुणी विचारलं नाही, मी स्वतःलाही विचारलं नाही. सोमवारी सकाळी मथुराबाईंनी मला माशी दाखवली आणि टोपडं घालायला सांगितलं. माशीचं घर मोडलं नाही यात त्यांचा दोष नाही. त्यांनी वेळेवर सांगितलं, मी मान वर केली नाही. दुपारी रजनी यांनी लेखी विचारलं, ते मी वाचलं नाही. टोपडी माझ्या डोक्यामागे होती. नळी तिथून वीस पावलांवर होती. अक्षर नेहमीसारखंच नेटकं येत होतं, याचाही त्याला संताप आला. खाली सही केली, खिशातली चिठ्ठी काढली आणि टाचणीने कागदाला लावली. साहेबांनी वाचलं, पुन्हा वाचलं, आणि कागद फायलीत ठेवला. खुर्ची कुणाची, हे त्या क्षणी ठरलं असावं. निदान दिगंबरची नाही, एवढं ठरलं.

तो आपल्या खोलीत गेला. खिळ्यावरची टोपडी काढली, आपल्याच अक्षरातल्या 'पुरावा' चिठ्ठ्या एकेक करून सोडल्या. हँगरमध्ये चुडामण विमानाच्या पंखाखाली वाकून उभा होता. दिगंबरने पहिलं टोपडं त्याच्या हातात दिलं. चुडामणने नळीतून तार फिरवून आत बॅटरी मारली, मग टोपडं चढवलं आणि लाल पट्टी खाली सोडली. रजनी रजिस्टर घेऊन मागे आली होती. "सर, नोंद कशी करायची?"

"नवी येईपर्यंत हीच, असं लिही. रोज काढताना-घालताना मोजायची. माझी सही घे, तुझीही कर."

दुसऱ्या विमानाला दुसरं, तिसऱ्याला तिसरं. त्यापुढची जागा रिकामी होती. खाली फरशीवर तेलाचा एक जुना डाग होता, आणि मथुराबाई त्या रिकाम्या जागेत झाडत होती.

दिगंबर तिथे चौथं टोपडं हातात घेऊन उभा राहिला. ते आतून बोटांना गार लागत होतं. मोठ्या निगुतीने शिवलेलं होतं, टाके अगदी बारीक, एकसारखे. त्याने ते पहिल्यांदाच नीट पाहिलं.